एकास एक

"दोन मिलिमीटर खाल्ले," नरहर म्हणाले आणि त्यांनी स्टीलची पट्टी खिशात ठेवली.

गजेंद्रने कपाळाला हात लावला. कपूरथला बाजारातल्या त्याच्या दुकानातला हा दुसरा स्कॅनर. "अंकल, तीन फुट की ड्रॉइंग में दो मिलीमीटर? इतना तो चींटी भी खा जाए."

"चींटी के ऊपर से रेलगाड़ी नहीं जाती, भैया."

उत्कर्षा हसली. बाबांचा हा सूर कितीतरी दिवसांनी ऐकू येत होता.

रेल्वेच्या पूल विभागातून नरहर निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जुनी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर चढवायची ठरली, तेव्हा ऑफिसातल्या नव्या साहेबाने त्यांनाच फोन केला. स्कॅनर कोणता घ्यायचा ते सर, तुम्हीच बघा. आणि तुमच्याकडे राहिलेल्या शीट्स असतील तर त्याही सोमवारी जमा करा.

होळीनंतर आई गेली; दारावरच्या पाटीवर 'नरहर-यमुना' मात्र तसंच राहिलं. तिच्या वस्तू उत्कर्षानेच आवरल्या, भराभर, बाबांच्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून. साड्या मावशीला, चपला कामवालीला, स्वेटर वॉचमनच्या बायकोला. बाबांनी दाढी करायचंही सोडलं होतं. स्कॅनरचा फोन आला आणि ते पुन्हा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले. म्हणून तर ती तिच्या अमौसीच्या ऑफिसातून सुट्टी काढून त्यांच्यासोबत हिंडत होती.

चाचणीला त्यांनी घरून एकच शीट आणली होती. एका पुलाच्या गर्डरचा जुना प्रिंट, कडा पिवळ्या पडलेल्या. ड्रॉइंगची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायची, ही त्यांची शिस्त. तिला ते कोणाला हात लावू देत नव्हते.

पहिला स्कॅनर रोलरवर कागद ओढून घेणारा होता. त्याच्याजवळ त्यांनी शीट नेलीसुद्धा नाही. "हा ओढतो. जुना कागद तडकेल." दुसरा वरून फोटो काढणारा. त्यात कडा वाकल्या.

"बाबा, एवढी लाडकी आहे तर ही एक ठेवून घ्या ना घरी. कोण विचारतंय?"

"सरकारी आहे ती."

सरकारी पेन्सिलीने ज्यांनी उभ्या आयुष्यात भाजीची यादी केली नाही, त्यांना हे विचारणंच चूक होतं.

"बरं, मग दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात? आता कुठला पूल बांधायचाय तुम्हाला?"

"माप जायला नको, उत्का. इतकंच."

तिसरा स्कॅनर दिवाणाएवढा होता. मोठी सपाट काच, वर झाकण. "बहुत स्लो है, अंकल," गजेंद्रने आधीच सांगून टाकलं. "दफ़्तर वाले गाली देंगे."

"जुना कागद सलामत राहिला तर मला देऊ देत," नरहर मराठीतच पुटपुटले आणि दोन्ही हातांनी शीट काचेवर पालथी घातली.

काचेखालून दिवा संथ सरकत गेला. प्रिंट निघाला. नरहरांनी त्यावर पट्टी ठेवली, मूळ शीटवर ठेवली, पुन्हा प्रिंटवर ठेवली.

"एकास एक," ते म्हणाले.

"तो फ़ाइनल?" गजेंद्रने विचारलं.

"रुकिए. अब दूसरी तरफ़."

"पीछे तो कोरा काग़ज़ होगा, साहब."

"आप कीजिए. और वो सफ़ाई वाला बटन बंद रखिए, पेन्सिल हल्की है."

उत्कर्षा स्क्रीनजवळ सरकली. बाबांनी मागे काही हिशेब केले असतील, वजनांचे, वाऱ्याच्या दाबाचे. चित्र वरून खाली हळूहळू उतरत गेलं. आधी पाच लहान कमानी, मग एक लांबट वळण, शेवटी गोल टाच. कागदावर पाय ठेवून, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवलेली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत बाणांची रेघ आणि तिच्यावर माप, मिलिमीटरमध्ये. आणि खाली कोपऱ्यात, जिथे पुलाचं नाव घालायचं तिथे, बाबांच्या त्याच उभ्या, नेटक्या ड्रॉइंगच्या अक्षरांत: 'यमुना. डावा पाय. कोल्हापुरी, एक जोड. करंगळीपाशी किंचित सैल ठेवणे.'