माळवदाखालचं ताट

आमच्या शेजारच्या वीरभद्राप्पाच्या घराचं माळवद, म्हंजी मातीचं सपाट छत, मधोमध खाली झुकलं हुतं. घर धोकादायक हाय म्हणून महापालिकेनं नोटीस डकवली, पर आप्पा हलंना. "बायको हितंच गेली, मी बी हितंच जाणार," एवढंच म्हणायचा.

शेवटी महापालिकेचा तरणा इंजिनेर आला, गुरुशांत.

"आप्पा, घर सोडा. मला पोलीस आणाय लावू नका."

"आदी दोन घास खा. माझ्या दारातनं कुणी उपाशी जात न्हाय."

गडी खरंच चपला काढून आत गेला अन् माळवदाखाली मांडी घालून बसला. आप्पानं कडक भाकरी, शेंगाचटणी अन् दही वाढलं. तेवढ्यात वरनं भसकन माती ताटात पडली. गडी माती बाजूला सारून निवांत जेवाय लागला.

आप्पाचं तोंड उतरलं. "ऊठ रं, भाईर चल."

"जेवू द्या की. दही लई ग्वाड हाय."

"लेका, घरी आई वाट बघत आसंल तुझी. ऊठ."

"तुमी उठल्याबिगर मी उठत न्हाय, आप्पा."

आप्पानं एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हातानं गड्याचं मनगट धरलं अन् त्याला वढतच माझ्या ओट्यावर आणून बसवलं. नवी भाकरी वाढली. गडी पोटभर जेवल्यावरच आप्पा म्हणला, "पाडा आता. पाव्हण्याला बसवाय भ्या वाटतंय, मग कसलं घर त्ये."

मी आत बायकोला आवाज दिला, "आजपासनं आप्पाचं ताट आपल्यात."