वहीतला उभा रकाना

"हात सैल सोड," मास्तर म्हणाले.

बायकोच्या दंडावरचा पट्टा फुगला, करकचला आणि सुस्कारा टाकत बसला. यंत्रावर रक्तदाब उमटला : वर एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे दहा. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं, शेजारी भागाकार केला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बसलं."

"काय बसलं?" तिने डोळे मिटूनच विचारलं. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं.

"सुवर्ण गुणोत्तर. पहिल्या दिवशी एकशे चव्वेचाळीसला एकोणनव्वद. आजचे निम्मे कर, एकोणनव्वदला पंचावन्न. अगं, एकाच मालिकेतले शेजारी. सूर्यफुलाच्या बियांत हेच, आणि तुझ्या रक्तातही हेच."

"रक्तात असेल. डोक्यात ठणका आहे."

"पाच मिनिटं. तेवढा आलेख काढतो."

लेक पिशवी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. "आई, चेहरा असा का गं?"

"बाबांना विचार. काल आकडा बसेना म्हणून तीनदा दंड आवळला माझा."

लेकीने वही ओढून घेतली. चौदा दिवस, रोज नेमाने, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक ओळीला चार दशांश स्थळांपर्यंत भागाकार. पुठ्ठ्यावर डॉक्टरांचं गिचमिड अक्षर : वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला तर लगेच या.

"बाबा, हे वाचलंत ना?"

"वाचलं की. पण तो नुसता एकटा आकडा झाला. मी दोघांतला संबंध बघतोय."

"सहा दिवस झाले एकशे साठ ओलांडून."

"गुणोत्तर तसूभर हललेलं नाही."

लेकीने कपाळाला हात लावला. "तुम्ही रोज आडवं वाचताय, बाबा. एकदा उभं वाचा. आणि चपला घाला."

गाडीत मास्तर मागे, बायकोशेजारी बसले. मांडीवर वही. पहिल्या आकड्यावर बोट ठेवून ते खाली सरकू लागले. एकशे चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. एक्कावन्न. बोट कुठेच वर चढलं नाही, आकडे मात्र चढत गेले. शेवटच्या ओळीशी ते थांबले, पुन्हा वर गेले, पुन्हा सावकाश खाली आले.

मग त्यांनी वही मिटली आणि बायकोचा हात हातात घेतला.

"पट्टा घरीच राहिला," ती डोळे न उघडता म्हणाली. "आता हात कशाला धरलाय?"