ना गाडी, ना माणूस

बाभळीच्या काट्यानं मागचं चाक पंक्चर झालं, म्हणून निनाद सायकल हातात धरून कालव्याच्या रस्त्यानं चालत निघाला. पुढं अर्ध्या रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या आणि एक म्हातारी त्यातल्या चिरडलेल्या शेंगा वेचत होती.

“थांबा दादा, पानी प्या.” तिनं तांब्या पुढं केला. “लगीन झाल्यापासनं हितंच वाळवतीया. आता कुन्या मेल्यानं ह्यो रस्ता मोबाईलवर टाकलाय म्हनं. दर रविवारी सायकलींची जत्रा येती अन् समदं तुडवून जाती. तुमाला ठावं हाय का त्यो कोन?”

निनादनं तांब्या खाली टेकवला. रस्त्याचा नकाशा टाकताना ‘ना गाडी, ना माणूस’ असं त्यानंच लिहिलं होतं. फोटोत शेंगा येऊ नयेत म्हणून कॅमेरा तेवढा वळवला होता.

“नाही आजी,” तो म्हणाला.

“जाऊ द्या. तुमी मातुर शेंगा बघून खाली उतरलासा. आईबापाचं वळन चांगलं दिसतंय.” तिनं चांगल्या शेंगा निवडून ओंजळभर त्याच्या खिशात घातल्या.

तिला दिसू नये म्हणून त्यानं पंक्चर झालेलं चाक हळूच पायाआड घेतलं.