चिवट

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर हलवायची होती. कोळ्यांच्या अंड्यांच्या प्रत्येक पेटीवर सरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती: ‘आत जीव आहे. धक्का लावू नये.’

“लिफ्टमध्ये चढवता-उतरवताना ट्रॉली फार आदळते. तू एकेक पेटी हातात घेऊन जिन्याने उतरव,” ते मला म्हणाले. “अगदी तळहातावरच्या फोडासारखं जप.”

माझं डोकंच फिरलं. “सर, कोळ्याच्या अंड्यांची ही पिशवी वर्षभर मशीनवर ताणून मीच बघतेय. बाहेरून चामड्यासारखी चिवट, आतून कापसासारखी मऊ. धक्के सोसायलाच विणलेली असते ती!”

“जिना उतरायचा एवढा कसला कंटाळा गं?”

मी सगळ्या पेट्या ट्रॉलीत ठेवल्या. एका पेटीवरची चिठ्ठी सोलून काढली आणि त्यांच्यासमोरच माझ्या आठ महिन्यांच्या पोटावर चिकटवली.