बाळाला ताप असेल तर

स्वतःच्या तान्ह्याला सासूकडे देऊन, दारं-खिडक्या लावून हर्षदानं आयांच्या हेल्पलाइनसाठी एकेक शब्द सुटा म्हणत रेकॉर्डिंग केलं होतं : "बाळाला ताप असेल तर एक दाबा." आवाज कसा स्वच्छ, खणखणीत. तरी दाभोशाच्या आदिवासी पाड्यावरून येणारे फोन काहीच न दाबता कट होत. का, ते तिला उमगेना. शेवटी जीप धरून ती तिथं गेली. पाड्यावरच्या काशीचं पोर तापानं फणफणलं होतं. हर्षदानं तिला समोरच फोन लावायला सांगितला.

काशीनं मान डोलावत सगळं ऐकलं. "हां बाय, हाय ताप. रातपासून दूध नाय पीत," असं फोनमध्ये सांगून ती उत्तराची वाट बघत राहिली. फोन कट झाला.

"अगं, बटण दाबायचं ना!"

"ती एवढ्या मायेनं इचारते, न आपण तोंड मिटून बटण दाबायचं?"

हर्षदानं आधी स्वतः एक दाबून हेल्पलाइनवरच्या नर्सबाईंशी तिचं बोलणं करून दिलं. घरी येऊन पुन्हा रेकॉर्डिंग केलं : "ताई, मला ऐकू येत नाही. बाळाला ताप असेल तर एक दाबा."

पुढच्या आठवड्यात नर्सबाई हसत सांगत होत्या, "काशी अख्ख्या पाड्याला शिकवतेय, 'एक दाबा गं. बिचारी बहिरी हाय, पण लोकांच्या पोरांची किती काळजी करते!'"