यादीतलं पहिलं नाव

हातातल्या कागदावरून टीमची यादी वाचताना पहिलं नाव मी गद्रेकाकांचं घेतलं, तेव्हा ते चक्क लाजले. पंचवीस वर्षं गोल्फ खेळून क्लबाच्या टीममध्ये ते यंदा पहिल्यांदाच आले होते, तेही नेहमीचे दोन खेळाडू आजारी पडले म्हणून.

सामन्यात पहिल्याची गाठ पहिल्याशी, शेवटच्याची शेवटच्याशी. समोरच्या क्लबाचा चॅम्पियन दर वर्षी पहिल्या नंबरवर उतरायचा. त्याच्यापुढे कोणीही हरणारच, मग आपला सगळ्यात कच्चा गडी तिथे खर्ची घालावा, हा माझा डाव. स्वतः कॅप्टन असून मी शेवटची, सोपी जागा घेतली.

सकाळी आम्ही दोन्ही कॅप्टननी यादीची नक्कल घातलेली बंद पाकिटं एकमेकांना दिली. त्यांनी या खेपेला चॅम्पियनला शेवटी ठेवलं होतं, माझ्यासमोर.

मी अठरापैकी बाराव्या होललाच हरलो. गद्रेकाका शेवटच्या होलपर्यंत झुंजले आणि जिंकले.

चहाच्या वेळी सगळ्यांदेखत त्यांनी माझा हात धरला. "कॅप्टन, त्यांचा डाव तुम्ही आधीच ओळखलात. वाघ स्वतःच्या अंगावर घेतलात आणि पहिला मान मला दिलात."

टाळ्या वाजल्या. मला मान वर करवेना.

"एक मागू? तुमच्या हातचा तो यादीचा कागद द्या. घरी हिला दाखवतो."

त्यांनी हात पुढे केला. कागद माझ्या खिशातच होता. त्यावर गद्रेकाकांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ही मॅच गेली असं धरायचं.'