पस्तीस घंटे

मानोऱ्याजवळच्या एका दवाखान्यात रत्नमालाबाई बावीस वर्षं सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत राबत होत्या; कागदावर मात्र त्यांची नेमणूक 'अंशकालीन' होती. एका रविवारी फ्रान्सहून लेकीचा फोन आला.

"आई, मले पूर्णवेळ नोकरी लागली!"

रत्नमालाबाई हरखून गेल्या. "किती घंट्याची वं, पौर्णिमा?"

"हप्त्याचे पस्तीस घंटे. इथं त्यालेच पूर्णवेळ म्हणतात."

त्यांनी बोटांवर आपल्या आठवड्याचे तास मोजले. चोपन्न भरले. पुन्हा मोजले, तरी चोपन्नच.

"अवं, मंग मी तं कवाचीच पूर्णवेळ आहो!" त्या ओरडल्याच.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांपुढं पेढ्यांचा डबा धरून त्या म्हणाल्या, "दोन घ्या, साहेब. एक पौर्णिमाच्या नोकरीचा, आन् एक माह्या!"